सात मिनिटांची पेशंट

प्रिय ताई,

शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस, आधीच हात जोडते. नववीनंतर मी सामानाच्या यादीशिवाय काही लिहिलेलं नाही. त्यात हा तुझाच जुना फोन. काचेला जिथे तडा गेलाय तिथली अक्षरं तीनदा दाबल्यावर एकदा उमटतात, आणि मला टाइप करता येतं ते एकाच बोटाने. सकाळी बाबा कामावर गेल्यावर बसलेय, आता दुपार झाली. एवढ्या वेळात तू अख्खा वॉर्ड आवरला असतास. बघ, पहिल्या चार ओळींतच तुझ्याशी तुलना करून झाली.

बाबांनी सांगितलं, तू ट्रेनिंग सोडून घरी येतेयस. सोमवारची फेरपरीक्षाही देणार नाही म्हणे. तुझा फोन ठेवल्यावर ते बराच वेळ चप्पल घालून खुर्चीत बसून होते, कुठे जायचं होतं तेच विसरले. ती म्हणते मला पेशंटची नजरच कळत नाही, माझ्याच्याने नर्स होणं नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग म्हणाले, तू लिही तिला काहीतरी, तुझं ऐकेल. मला हसूच आलं. माझं तू कधी ऐकलंस? लहानपणापासून मी तुझ्या मागे मागे, म्हणून तर शेपूट नाव पडलं. शेपटीचं कोण ऐकतं?

आणि खरं सांगायचं तर हे कळल्यावर मला पहिलं काय वाटलं माहितेय? बरं वाटलं. घटकाभर, पण वाटलं. मी तुझ्यावर जळते, ताई. आता लिहूनच टाकलं. तुझ्या पांढऱ्या बुटांवर जळते, छातीशी उलटं लावलेल्या घड्याळावर जळते, हॉस्टेलच्या खोलीच्या किल्लीवर तर फारच. माझ्याकडे कुठलीच किल्ली नाही. आपल्या घराला कुलूप लावायची वेळच येत नाही, मी असतेच घरी.

तुझा नंबर लागला आणि त्याच महिन्यात आई न्हाणीघरात पडली. तेव्हा आत्या काय म्हणाली ते तू ऐकलं नाहीस, तू आत बॅग भरत होतीस. म्हणाली, मोठीचं नशीब उघडलंय, त्याला कुलूप घालू नका. धाकटी नाहीतरी वर्गात तोंड उघडत नाही, ती घरी राहिली काय न् शाळेत बसली काय, सारखंच. बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही बोलले. तोंड उघडत नाही ना मी.

चौदा महिने मी आईचं केलं. तिची डावी बाजू गेली होती, तुला माहीत आहे. पलंग भिंतीला लावलेला, आईची उजवी बाजू भिंतीकडे, म्हणून मी कायम डावीकडून जायचे. दुसरीकडून जागाच नव्हती. आणि त्या भिंतीवर तुझा फोटो, पहिल्या दिवशी गणवेशात काढलेला. बाबांनी हौसेने लावला होता. मी घास घेऊन बसायचे, आणि आईची मान तिकडे, तुझ्याकडे. मी हाक मारायचे तर आणखीच तिकडे बघायची. ताटातलंसुद्धा अर्धंच खायची. भिंतीकडचं अर्धं संपवायची, माझ्याकडचं तसंच. मला वाटायचं, माझ्या हातचं नकोय हिला. एकदा मी तुझा फोटो काढून कपाटात टाकला होता, चार दिवस. तरी ती त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली. मग लावला परत. फोटोवर जळणारी मुलगी तू पाहिली नसशील, तर ही घे.

आई गेल्यावर शेजारच्या काकूंनी मला तुमच्या नर्सिंग स्कूलमध्ये चिकटवलं, त्या तिथल्या चादरी धुतात ना. म्हणाल्या, काम सोपं आहे, आजारी पडायचं. मुलामुलींना शिकायला खोटे पेशंट लागतात, बोलायचं कमी, निजायचं जास्त. मला वाटलं, देवाने माझ्यासाठीच काढलंय हे काम. तुमच्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी नाव विचारलं तर माझ्या तोंडून ते नीट निघेना. त्यांनी बेड नंबर नऊ दाखवला आणि म्हणाल्या, झोप, तुझ्यासारखीच पाहिजे होती. बडबडे पेशंट मुलांना सगळी उत्तरं सांगून टाकतात. हे त्यांनी शेजारच्या बेडवरच्या आमच्या कंडक्टर काकांकडे बघून म्हटलं. काका रिटायर झालेत तरी बेडवर पडल्या पडल्या सगळ्यांना पुढे सरका, पुढे सरका करतात.

त्याच आठवड्यात तू मैत्रिणींबरोबर समोरून आलीस. मी गाऊनमध्ये, हाताला खोटी पट्टी. तुमच्यातली ती उंच मुलगी म्हणाली, ही नवीन पेशंट काय मस्त करते गं, कोण आहे? आणि तू म्हणालीस, माहीत नाही. मग पुढे गेलीस. मी तुला हे कधी विचारलं नाही, आजही विचारत नाहीये. फक्त मी ऐकलं होतं, एवढं तुला माहीत असावं. तू असं म्हणालीस म्हणून मीही कोणाला सांगितलं नाही की तू माझी कोण.

बाईंच्या शिकवण्याचं मला फार नवल वाटतं. चूक झाली की त्या लगेच चूक काढत नाहीत. आधी विचारतात, तुला काय जमलं ते सांग. तो एक जाडा मुलगा नाही का, त्याने माझ्या हातावर पाण्याचा अख्खा तांब्या उपडा केला होता, रडायचाच बाकी होता. बाई म्हणाल्या, आधी जमलेलं सांग. तो म्हणाला, मी पडदा ओढला होता. बाई म्हणाल्या, छान, पडदा ओढला, म्हणजे पेशंटची लाज सांभाळली, आता तांब्याकडे येऊ. मी ओल्या गाऊनमध्ये पडून विचार करत होते, आईचं करताना मला एकदा तरी कोणी असं विचारलं असतं तर? पाठीला जखम होऊ दिली नव्हती मी आईच्या. चौदा महिन्यांत एकही नाही. कोणी विचारलंच नाही.

मग परीक्षेसाठी बाईंनी मला लकव्याची पेशंट व्हायला शिकवलं. म्हणाल्या, डावीकडचं जग आहे हेच तू विसरायचं. डावीकडून कोणी बोललं तरी मान उजवीकडेच. ताटात डावीकडे काही आहे हे तुला कळतच नाही, म्हणून अर्धंच खायचं. पण कोणी उजवीकडे आलं, खाली वाकलं, हात धरला, की त्याच्याकडे बघायचं, कारण तेवढंच तुला दिसतं. नुसता हात-पाय जात नाही गं, म्हणाल्या, कधी कधी ती बाजूच जाते.

ताई, मी तिथेच उठून बसले. बाईंना वाटलं, मला कळलं नाही. मला फार कळलं होतं. आई तुझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघूच शकत नव्हती. पलंग फिरवायचा होता, बस. डोकं तिकडे, पाय इकडे. दोन माणसं, पाच मिनिटांचं काम.

त्या दिवशी बसमध्ये मला वाईट नाही वाटलं, राग आला. तुझा. मनात म्हटलं, हिला हे शिकवतात. ही सुट्टीत घरी यायची, पलंग बघायची, अर्धं ताट बघायची, आणि बोलली नाही. मला कोणी शिकवलं नाही, मला माफ आहे. हिला शिकवलंय.

परीक्षेच्या दिवशी तुमच्या तुकडीला कंडक्टर काका असणार होते. पण खोट्या पेशंटला खरा ताप आला, आणि बाईंनी त्यांच्या बेडवर मला टाकलं. नातेवाईक असेल तर आधी सांगायचं, असा नियम होता. मी सांगितलं नाही. पडदा सरकला, तू आत आलीस, मला बघितलंस, तूही सांगितलं नाहीस. तुझं ते एक माहीत नाही आपल्याला केवढ्याला पडलं बघ. तू डावीकडे उभी राहिलीस आणि तशीच गोठलीस. मग पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. पाणी सांडलं, सात मिनिटं संपल्याची घंटा वाजली, तू गेलीस. त्याबद्दल लिहीन, जरा थांब, दुपारची भांडी घासून येते.

आले. मागच्या आठवड्यात रोज दुपारी बाई तुला प्रॅक्टिस देत होत्या, ते मी दाराच्या काचेतून बघितलंय. ती रबराची बाहुली बेडवर, तू तिला घास भरवतेस, आणि मध्येच थांबून म्हणतेस, ही बघतच नाही माझ्याकडे. बाई म्हणाल्या, अगं ती रबराची आहे. तू हसली नाहीस. त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मी बाहेर उभी राहून जळले. चूक करून पण हिलाच बाई मिळतात, हा विचार आला माझ्या मनात. आणि मग दुसरा विचार आला की चूक हिने केलीच नाही.

म्हणून हे पत्र. तू गोठलीस ती अर्धं मिनिट. मग तू पलंगाला वळसा घालून उजवीकडे आलीस, गुडघ्यावर बसलीस, ताट फिरवलंस आणि माझा हात धरलास. सगळं बरोबर. मी तुझ्याकडे बघायला पाहिजे होतं. मी डोळे मिटून घेतले. तू हाक मारलीस तरी मिटलेलेच. तू घाबरून परत डावीकडे गेलीस तेव्हा तुझ्या हातून पाणी सांडलं, पण घाबरवलं मी. आणि आम्ही खोट्या पेशंटांनी भरायच्या कागदावर शेवटी एक प्रश्न असतो, हिने माझी काळजी घ्यावी असं वाटतं का, हो की नाही. मी नाहीवर खूण केली. लकव्याच्या पेशंटने नाही, शेपटीने.

काल बाईंना सगळं सांगितलं, बहिणीपासून डोळ्यांपर्यंत. इतकं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. मला वाटलं, हाकलतील. त्या म्हणाल्या, आधी तुला काय जमलं ते सांग. मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, आत्ता इथे येणं जमलं. मग मात्र कडक झाल्या. यंदा मला परीक्षेच्या बेडवर घेणार नाहीत, आणि तुझी ती परीक्षा रद्द, म्हणजे सोमवारची फेरपरीक्षा नाही, पहिलीच. निघताना मी विचारलं, हा डावी-उजवीचा धडा कितव्या वर्षाला असतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, म्हणाल्या. म्हणजे आई गेल्यानंतर. आणि म्हणाल्या, तुझी बहीण तो धडा चालू असताना वर्गातून उठून गेली होती, पाऊण तास जिन्यात बसली होती, कारण विचारलं तर म्हणाली, पोट दुखतंय. ताई, तुला कळलं तेव्हा तू एकटी होतीस आणि मला कळलं तेव्हा मी एकटी. एवढं मोठं ओझं आपण दोघींनी वेगवेगळं उचललं. सोमवारी जा. काकांचा ताप उतरलाय, त्या बेडवर तेच असतील, आणि ते डोळे मिटणार नाहीत, फार तर पुढे सरका म्हणतील. तो कागद मला परत मिळाला तर मी हो लिहीन, पण मिळणार नाही, म्हणून इथे लिहिते. हो. मी आजारी पडले तर तूच ये, आणि कुठल्याही बाजूने ये. आणि हो, बाबांनी काल मिशी काढली. कोणाला न सांगता, एकदम सफाचट. दार उघडलं तर मी विचारलं, कोण पाहिजे?

तुझीच,
शेपूट