पप्पांचा डावा हात

रविवार संध्याकाळ, नवघर

पप्पांना पॅरालिसिसचा झटका आल्यापासून त्यांच्याशी वाद घालायचा नाही, असं ठरवलं होतं. आज घातलाच. टीव्हीवर त्यांचा लाडका हेवीवेट चॅम्पियन होता.

"आजवरचा एक नंबर!" पप्पा म्हणाले.

"तिसरा. त्याने हरवलेले सगळे उतरतीला लागलेले होते." खोटं कसं बोलू?

"चार बुकं शिकलीस म्हणून बॉक्सिंग कळतं काय गं? असा ठोसा दुसऱ्या कुणाचा होता, सांग!" आणि त्यांनी हात उचलून दाखवला. डावा! इतके महिने मांडीवर नुसता पडून असलेला हात, खांद्यापर्यंत.

आई बघतच राहिली. मी घाबरून पप्पांचं बीपी तपासलं. ठीक आहे. सगळं ठीक आहे.

मला तो अजूनही तिसराच वाटतो. पण उद्या पाचवा म्हणणार. एवढं खोटं चालेल ना?