हसरा नळ कोणाला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेली आरेखक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोपरापर्यंत गुलाबी रंगात माखलेल्या हातांनी लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलीला शंका होती, म्हणून.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. मागच्या खोलीच्या भिंती मात्र तिने निदान वर्षभर तरी पांढऱ्या करू नयेत. चौतीस वर्षं मी नकाशांवर काळ्या शाईने पाइपांच्या रेघा मारल्या, एकही केसभर हलली नाही. आता या भिंतींवर त्याच पाइपांना मी डोळे काढते, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घालते, आणि काय मजा येते म्हणून सांगू!

२. रंगाचे सत्तावीस डबे शेजारच्या बालवाडीला. दुकानात चुकून भलतीच छटा तयार झाली की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि रंगवाला तो डबा माझ्यासाठी बाजूला ठेवतो. लोकांनी नाकारलेल्या रंगांवर मी पाच वर्षं चैन केली. बालवाडीच्या बाईंनी मुलांना ‘रेघेच्या आत रंगवा’ असं सांगितल्यास डबे परत घ्यावेत.

३. माझी थोरली बहीण, आमची ताई, शाळेत चित्रकला शिकवायची. सात वर्षांची असताना मी जांभळा सूर्य काढला, तो तिने माझ्यादेखत खोडला. तो राग अजून आहे. ती दर रविवारी येते, चहा पिते, चित्रांकडे पाठ करून बसते आणि “पोरखेळ” एवढंच म्हणते. तिच्या तोंडून एकदा तरी बरा शब्द ऐकायचा होता, हे इथे कबूल करते. तिला काहीही ठेवलेलं नाही, सबब तिलाच साक्षीदार नेमत आहे. ‘हसरा नळ’ हे लाकडी फळीवर काढलेलं माझं सर्वांत मोठं चित्र वाचनालयाला द्यावं.

४. (सहीच्या वेळी जोडलेलं कलम.) आत्ता ताईने पेन उघडलं आणि साक्षीदाराला वाटा मिळतो का, असं वकिलांना विचारलं. मिळत नाही, असं ते म्हणाले. ताईने पेनाला टोपण लावलं.

“मग मी सही करणार नाही. तो नळ मला हवाय. त्याच्याकडे बघितलं की मला हसू आवरत नाही, आणि तुझ्यासमोर मला हसायचं नव्हतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही फुटलं. कलम ३ रागासकट रद्द. हसरा नळ ताईचा. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. टेम्पो बोलावला आहे, आजच घेऊन जावा.

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. रंगवाला (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

मृत्युपत्र करणारी (सही, शेजारी गुलाबी अंगठा)

स्थळ: घराची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, रविवार