पाणी प्यायच्या आधीचा आकडा

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे. जेवण, झोप वेळेवर चालू आहे.

टेलरकाकांबद्दल लिहिलं होतं ना? कॉलेजच्या बीपीच्या अभ्यासासाठी मी दर मंगळवारी ज्यांच्या घरी जाते, ते. त्यांना मागच्या आठवड्यात लकव्याचा झटका आला. आता आमच्याच वॉर्डात आहेत.

काल बीपी बघायला गेले. पट्टा बांधायला उजवा हात उचलला, तर म्हणाले, "डावा घे गं डॉक्टरीणबाई, उजवा सुट्टीवर गेलाय." सगळे हसले. मीपण हसले.

आई, झटक्याच्या आदल्या मंगळवारी त्यांचं बीपी खूप जास्त आलं होतं. "आत्ताच जिना चढून आलोय, परत बघ," म्हणाले. तू बाबांना पाणी पाजून परत मोजतेस ना, तसं मी तीनदा मोजलं आणि सगळ्यात कमी आला तेवढाच आकडा फॉर्मवर लिहिला. तिन्ही लिहायचे असतात. लिहिले असते तर हा अभ्यास बघणाऱ्या आमच्या मॅडमनी त्यांना त्याच दिवशी तपासायला बोलावलं असतं.

आज मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. फॉर्म पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बाकीचे दोन लिही, खाली सही कर." केली. मग कॅन्टीनमध्ये चहा प्यायले. रडूबिडू काही आलं नाही, काळजी करू नकोस. काकांना उद्या सांगणार आहे.

बाबांचा आकडा कळव. पहिला येईल तो, पाणी प्यायच्या आधीचा.

तुझीच,
चिमी