पंपाची लाल वायर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिडाच्या बोटींमधली वीजजोडणी, राहणार धक्का क्रमांक सात, माझ्याच बोटीवर, हे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडे थरथरतात, आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात माणूस लागते, ते इथे नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वायरींना टोके दाबून बसवायचा माझा चिमटा धक्क्यावरच्या इंजिन मेकॅनिकला द्यावा. हा गृहस्थ दोन वायरी एकमेकींत पिळतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो आणि हात झटकून मोकळा होतो. खाऱ्या हवेत अशा सांध्यावर सहा महिन्यांत हिरवा गंज चढतो, मग मालक मला बोलावतात. पंधरा वर्षे त्याचे निस्तरत आलो. आता चिमटा त्याच्या हाती आणि पाप त्याच्या माथी.

२. मीटर कोणाला देऊ नये, बोटीवरच ठेवावा. रोज सकाळी मी त्याने बॅटरी तपासतो. बारा पूर्णांक सात व्होल्ट म्हणजे पोट भरलेले, बारा पूर्णांक दोन म्हणजे अर्धे. आकडा मोठ्याने वाचतो. कित्येकदा दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द असतात. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

३. बँकेत जे असेल त्यातून बोटीच्या जागेचे भाडे दोन वर्षे भरावे. कशासाठी, ते पुढे येते.

४. बोट माझ्या धाकट्या भावाला; घ्यायची की नाही हे ठरवायला त्याला ती दोन वर्षे मिळावीत. तो सुतार आहे. एकोणीस वर्षे आमचे बोलणे नाही, आणि आजवर मी सर्वांना सांगत आलो की चूक त्याची.

आमची पहिली बोट आम्ही दोघांनी भंगारातून उभी केली होती. वीज माझी, लाकूडकाम त्याचे. मी त्याच्याकडून एकच नियम घोकून घेतला होता : बोट सोडताना मेन खटका बंद करायचा. तळात झिरपलेले पाणी उपसणारा पंप तेवढा मी नेहमी मेन वगळून थेट बॅटरीवर जोडतो, वेगळा फ्यूज देऊन. म्हणजे बाकी सगळे बंद असले तरी पाणी वाढताच तो आपोआप चालू होतो. एकदा भाऊ शेवटी उतरला. चार दिवसांनी येऊन पाहतो तर बोट धक्क्यालाच बुडालेली, नुसती डोलकाठी वर.

धक्क्यावरच्या सगळ्यांदेखत मी त्याला म्हणालो, "दिवे चालू ठेवून गेलास. बॅटरी उतरली, मग पंप कशावर चालणार?"

तो म्हणाला, "दादा, मी मेन बंद केला होता. शपथ."

"खोटं बोलू नकोस. तुला साधा खटका सांभाळता येत नाही."

त्याने आपला रंधा उचलला आणि गेला.

गेल्या महिन्यात जुन्या वह्या टाकायला काढल्या. त्या बोटीच्या आकृतीशेजारी पेन्सिलने, माझ्याच अक्षरात : 'पंप तात्पुरता मेनमधून घेतला. उद्या थेट करणे.' पॅनेल बदलताना केले असणार. तो उद्या उजाडलाच नाही. म्हणजे भावाने मी शिकवले तसेच केले, मेन बंद केला, आणि त्याबरोबर पंपही बंद झाला. त्याने माझे ऐकले म्हणून बोट बुडाली, आणि मी चोराच्या उलट्या बोंबा मारल्या. मला याची लाज वाटते.

५. या बोटीतल्या प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर आहे, वही नकाशांच्या खणात. पंपाची लाल वायर थेट बॅटरीवर आहे. या महिन्यात तीन वेळा हाताने चाचपत टोकापर्यंत गेलो.

साक्षीला शिडे शिवणाऱ्या बाईंना बोलावले. (साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, नाहीतर माझी केटली त्यांचीच होती.) इथवर वाचून त्यांनी पेन खाली ठेवले.

"तुम्ही गेल्यावर हे त्याला कळून काय उपयोग? तेव्हा तो भांडणार कुणाशी?"

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"तोंड राहू द्या. कागद तर आहे ना?"

आणि हा कागद भावाला पाठवायचे कबूल करेपर्यंत सही करणार नाही म्हणून बसून राहिल्या. म्हणून आणखी एक कलम.

६. याची एक प्रत आणि वहीतले ते पान आजच भावाला पोस्टाने जावे. माझ्या मरणाची वाट पाहू नये. बाळा, बोट हवी की नको ते तू ठरव, पण एकदा ये. मेन मी चालूच ठेवला आहे. तू तुझ्या हाताने बंद कर. मग तळात बादलीभर पाणी ओतू आणि पंप चालतो का ते दोघे मिळून बघू.

सही : दादा

साक्षीदार : १. शिडे शिवणारी (पाकीट मी स्वतः टाकणार आहे)
२. धक्क्याचा पहारेकरी (मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले)

ठिकाण : बोटीवर, जेवणाच्या टेबलापाशी
दिनांक : ४ नोव्हेंबर, सकाळी, बॅटरी बारा पूर्णांक सात