मी खोलीत आलो की लिदिया हरते

सबाह अल-सालेम, कुवेत
११ मार्च २००७

ती. शत्रुघ्न भावोजींना,

जगन्नाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे खरोखरच, आपलं पत्र वाचून मी गादीवर आडवा झालो तो जेवायच्या हाकेलाच उठलो.) आपला गुडघा, सुमनताईचं पित्त आणि नवी काजूची कलमं कशी आहेत ते कळवावं. इकडे मी बरा आहे, निदान पोस्टमन येईपर्यंत होतो.

आपण लिहिता, विनिताचं लग्न वैशाखात ठरलं, पण मी "लग्न उरकल्यावर सावकाश" यावं, आणि मामा म्हणून तिला बोहल्यावर आणायला दीनानाथ आहेच. भावोजी, दीनानाथ हा ताईचा चुलतभाऊ. सख्खा मामा हातीपायी धड जिवंत असताना चुलत मामा? माझे हातपाय गार पडले, आणि कुवेतमध्ये ते सोपं नाही. कारण काय, तर माझा खोलीभाऊ जयराम रजेवर गावी गेला असताना एस.टी. स्टँडवर बोलला की जगन्नाथच्या पायगुणाने एक रशियन मुलगी टेनिस हरते. अर्धीच गोष्ट सांगून गडी परत आला. म्हणून उरलेली मी लिहितो.

आमच्या खोलीत आम्ही पाचजण, सगळे मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत ठेकेदाराकडे. शेजाऱ्याच्या डिशवरून वायर ओढली तेव्हा क्रिकेट काही दिसेना, टेनिस तेवढं स्वच्छ दिसायचं. त्यात ही लिदिया झुबोवा. तेव्हा जेमतेम सतराची, लांब वेणी, आणि फटका मारताना अशी ओरडायची की खालच्या मजल्यावरचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे लोक, वर चौकशीला आले होते. जयरामला तिच्यात आपली मुलगी दिसली आणि त्या दिवसापासून ती आमच्या खोलीची झाली. एका शुक्रवारी ती जिंकत असताना मी आंघोळ करून बाहेर आलो, आणि ती हरायला लागली. भात बघायला किचनमध्ये गेलो, तर जिंकायला लागली. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर जयरामने मला अदबीने किचनचं दार दाखवलं.

तेव्हापासून लिदियाची सगळी कारकीर्द मी भिंतीच्या अलीकडून ऐकली. तिने पहिला मोठा कप घेतला तेव्हा मी पापलेटं साफ करत होतो. दुसऱ्या वेळी प्रतिस्पर्धी तगडी म्हणून मला जिन्यात बसवलं. तिचा खांदा निखळला तेव्हा तर माझा खोलीत पायसुद्धा नव्हता. पण मी खजूर बांधून आलेल्या पेपरात तिचा फोटो निरखून पाहिला होता, असं निघालं. पुढे पुढे मला नुसत्या तिच्या ओरडण्यावरून चेंडू आत पडला की बाहेर ते कळू लागलं. पॉइंट मात्र तिचा एकही पाहिला नाही. तिच्या प्रशिक्षकाखालोखाल तिच्यासाठी मीच खपलो असेन, आणि ते तिला माहीतही नाही.

गेल्या महिन्यात ती निवृत्त व्हायची होती. शेवटच्या सामन्याला जयरामने मला स्वतः बोलावून मधल्या खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, पोरगी हरेल रे. त्याने खुर्ची आणखी पुढे सरकवली. आणि भावोजी, ती जिंकली! माझ्यासमोर! (एका ठिकाणी मला वाटलं, ही आरोळी आपण पूर्वी ऐकली आहे, पण वाटलं, आरोळ्या काय, सारख्याच असतात.) कप डोक्यावर धरून ती रडली, मीही रडलो. भात करपला, तरी सगळ्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला.

सकाळी खालच्या बकाल्यात दूध घ्यायला गेलो तर दुकानदार गफूर हळहळत म्हणाला, तुमची रशियावाली परवाच शेवटचा सामना हरली, फार वाईट हरली. परवा! परवा मी मीना अब्दुल्लाला ओव्हरटाइमवर होतो, पाइपावर चढलेला. दूध तिथेच राहिलं. म्हणजे मी पाहिली ती जुनी कॅसेट, जयरामने मुलीला दाखवायला भरून ठेवलेली. त्या पहिल्या शुक्रवारनंतर मी तिचा खेळ पाहिलेलाच नव्हता, तर जुना-नवा कळणार कसा? वर येऊन जयरामला धरलं. तो खाली बघत म्हणाला, "जगन्या, इतकी वर्सां तू भात ढवळलंस. एकदा तरी तिका जिंकताना बघशीत, असा वाटला."

मला राग यायला हवा होता, आला नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. मी तिथे नसताना ती हरली. म्हणजे दोष माझ्या पायांचा नव्हता, कधीच नव्हता. विनिताला मी या खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे. तिला बोहल्यावर मीच आणणार.

आपला,
जगन्नाथ

ता. क. – तिकीट काढलं आहे. लग्नाच्या आठ दिवस आधी पोचतो. माझ्या फेट्याचं माप दीनानाथला देऊ नये.

ता. क. २ – आजच गफूरने सांगितलं की लिदिया पुन्हा खेळणार आहे. जयरामने नुसतं भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

ता. क. ३ – एवढं करूनही मंगलाष्टकं चालू असताना आपल्या मनात पाल चुकचुकलीच, तर नुसती मान हलवा. विनिताला बोहल्यावर सोडून मी मागे चुलीपाशी जाऊन उभा राहीन. तिथूनही सगळं ऐकू येतं. मला सवय आहे.