नानांची सात मशीनं

प्रिय काजल,

फोनवर मी "सगळं बरं आहे" म्हणते ना, ते खोटं असतं. तुझे नाना शेजारी बसून ऐकत असतात, म्हणून हे पत्र. शहाद्याला बाजाराला जाईन तेव्हा टाकीन.

आपली मागची खोली आठवते ना? बैल गेल्यावर तिथे लाकूडतोडीचे चेनसॉ आले. कळसाडीत लोक म्हशी पाळतात, आपल्याकडे चेनसॉ पाळले! वखारीत बंद पडलेलं मशीन दिसलं की नाना ते गोणीत घालून घरी आणायचे. वाकडी पाती, बोथट चेन, भुशाने भरलेलं कार्बोरेटर, एकेकाला उभं करायचे. तू त्यांच्या मांडीशी बसून कानस चालवायचीस आणि मी चुलीजवळून ओरडायचे, पोरीच्या हातांना ऑइलचा वास येतो म्हणून. दुसऱ्या कुणाला ते हात लावू द्यायचे नाहीत, मलासुद्धा. लोकांना एक सवत असते, मला सात!

आता ते विसरतात गं. आधी माणसांची नावं गेली, मग शेताची वाट. मध्यंतरी पेट्रोलमध्ये ऑइल घालायचंच विसरले आणि सगळ्यांत जुनं मशीन आतून जाम झालं. दिवसभर त्याच्यापाशी बसून रडले. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. मी घाबरून, मशीनं सुरूच होऊ नयेत म्हणून सगळे प्लग काढले आणि पिठाच्या डब्यात लपवले. सकाळी बघते तर नव्या प्लगांवर सहाही मशीनं धडधडत होती. डोकं विसरलं, हात विसरले नाहीत.

दसऱ्याला पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, हे नानांनीच तुला शिकवलेलं. यंदाही सगळ्या मशीनांना झेंडूच्या माळा घातल्या. मी आरतीचं ताट घेऊन दारात येते तोच मशीन सुरू झालं. माळ चेनमध्ये अडकून पाकळ्या उडत होत्या, आणि नाना "ही फांदी आडी येस" म्हणत घराची चौकट कापत होते. मी त्याच चौकटीत उभी होते. नुसता धूर निघाला, कारण त्यांनी चेन उलटी बसवली होती. उभ्या जन्मात ही चूक त्यांनी केली नव्हती, म्हणून मी वाचले. परवा त्यांनी ती चेन सरळ केली.

त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही, "काजलनी माय" एवढंच. आता तेही गेलं. "बाई, तू कोन शे?" असं विचारतात. तुझं नाव मात्र अजून आहे. रोज मशीन पुसताना म्हणतात, "ह्या मन्ही काजलन्या शेतस. तिलेच देसू." तुलाच द्यायची म्हणतात, म्हणून लिहिते आहे. तू ये आणि ती मागून घे. मी हिसकावली तर काय होईल, ते मला बघायचं नाही. तू मागितलीस तर हसत देतील, गाडीत चढवूही लागतील. मग तू ती फोड, मोड, मला सांगू नकोस. रिकाम्या खोलीत ते शोधत फिरतील, ते मी सोसेन. पण त्यांच्या मायेचा असा फायदा घेण्याचं पाप तुलाच करावं लागेल, पोरी. मी कोण, हेच त्यांना ठाऊक नाही. आज-उद्या करू नकोस. तुझं नाव आहे तोवर ये.

तुझीच,
माय