दांड्यावर कोण?

वॉटफर्ड
८ मार्च १९९२

प्रिय सुमेधास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि माशाच्या आमटीसाठी तिरफळांची पुडी दोन्ही पोचली. पुडी पोस्टमनने वासामुळे हात लांब करून दिली. खरं तर फोनच करणार होते, पण आमचा फोन हॉलमध्ये आणि संध्याकाळी हॉलमध्ये हे. जे सांगायचंय ते यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

तर ऐक. यांनी ठरवलंय की विंडरमिअर तळ्यावरच्या आपल्या होडीला ऑटोपायलट बसवायचा. विमानाला असतो म्हणतात, तो. मी आधी चेष्टाच समजले. आपली ती लाकडी होडी, तिला वैमानिक कशाला? तर म्हणाले, ट्रोलिंगला. हे दोघे साडू इतकी वर्षं त्या तळ्यात ट्रोलिंग करतायत आणि आपण दोघी काठावर चहा पीत बसतोय, पण ट्रोलिंग म्हणजे काय ते मला यंदा कळलं. होडी अगदी सावकाश चालती ठेवायची, दोन लांब काठ्यांवरून दोऱ्या खोल सोडायच्या, काठ्यांना घंट्या बांधायच्या आणि घंटी वाजली की मासा. म्हणजे एकाने मागे बसून मोटरचा दांडा धरायचा, होडी सरळ ठेवायची, आणि दुसऱ्याने गळ सांभाळायचे. राजीवराव दांड्यावर, हे गळांवर. आता राजीवराव येत नाहीत, म्हणून दांड्यावर यंत्र.

गेल्या ऑगस्टचं भांडण तुला माहीतच आहे. गळ तळाशी अडकून तुटले, हे ओरडले की तुला साधा दांडा सरळ धरता येत नाही, आणि राजीवराव मग तुम्हीच धरा म्हणून धक्क्यावर उतरून चालते झाले. दिवाळीचा फोनसुद्धा आपण दोघींनीच केला. यांचं तरी काय सांगू? भूल देणाऱ्या डॉक्टरचे पेशंट झोपलेले असतात. उलट उत्तर ऐकायची सवयच नाही.

दुकानं उघडी असतात तेव्हा हे ऑपरेशन थिएटरमध्ये, त्यामुळे चौकशीचं काम माझ्या गळ्यात. एक दुकानदार म्हणतो, मोटर पुढच्या टोकाला लावा आणि पायाने पेडल दाबून वळवा, हात मोकळे. अरे, पण पाय अडकले त्याचं काय? दुसरा म्हणतो, इलेक्ट्रिक मोटर मागेच ठेवा आणि तिच्या दांड्याला यांत्रिक हात जोडा. त्या हाताच्या पोटात होकायंत्र असतं म्हणे. दिशा एकदा ठरवून दिली की तो आपोआप दांडा ढकलतो, ओढतो आणि होडी सरळ नेतो. तिसरा म्हणाला, मॅडम, दोरीने बांधून टाका. मला तिसराच पटला, पण यांना सांगायची सोय नाही. शाफ्ट लांब की आखूड, बॅटरी कसली, होडी रुंद किती, अशी सरबत्ती. भाजी घ्यायला गेलं की भाजीवाल्याने आपलाच सातबारा मागावा तसं झालंय.

मग एकाने विचारलं, होडीत माणसं किती? वजन बघून मोटर द्यावी लागते. संध्याकाळी यांना विचारलं. पेपर खाली न घेता म्हणाले, एक.

सुमे, काळजाचं पाणी झालं. एकच माणूस जाणार असेल तर ऑगस्टचा आठवडा कशाला हवा? हे मनात येईल तेव्हा एकटे जातील आणि एकटे येतील. आई गेल्यापासून आपल्याला माहेर म्हणून जे काही उरलंय ते त्या भाड्याच्या कॉटेजमधला आठवडा. भाऊ नाही, घर नाही. आईचा लोखंडी खलबत्ता तेवढा आहे, तो दर ऑगस्टला एकीकडून दुसरीकडे जातो. यंदा तुझी पाळी. तो आता कुठे आणि कसा द्यायचा? आणि हे सगळं मोडणारं यंत्र निवडायचं कुणी, तर मी. माझं डोकं चालेनासं झालंय. तू काहीतरी सांग.

राजीवरावांना आशीर्वाद सांग, यंत्राचं मात्र सांगू नकोस. तुझी माया मला नेहमी पुरते, यंदा जरा जास्तीची लागेल.

तुझी,
शैलाताई


केंडल
२० मार्च १९९२

ती. शैलाताईस,
सादर नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही.

इकडची तऱ्हा ऐकशील तर तुझा आणखी गोंधळ होईल. तुझं नाव न काढता मी राजीवला सहज विचारलं की लहान होडीला मोटर कसली चांगली. इतके महिने तळ्याचं नाव काढलं की उठून जाणारा माणूस, तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. पुढची मोटर होडीला ओढून नेते, मागची ढकलते, वाऱ्यात कुठली बरी, बॅटरी कुठे ठेवायची, सगळं चित्र काढून सांगितलं. भात निवला. शेवटी विचारलं, कुणाला हवंय? मी म्हटलं, लायब्ररीतल्या बाईंच्या भावाला. हं, म्हणाला, आणि तो कागद खिशात घातला. तो का घातला असेल? हासुद्धा एक यंत्र घेतोय की काय? एका होडीला दोन वैमानिक झाले तर होडी जाणार कुठे?

रागावलाय तो अजून, पण कशावर ते मला नीट कळत नाही. ओरडण्यावर असता तर एव्हाना विसरला असता. दवाखान्यात रोज पेशंट त्याच्यावर ओरडतात, आणि तो घरी येऊन छान जेवतो.

माझा सल्ला विचारशील तर त्यातलं सगळ्यात किचकट यंत्र घे. भाऊजींना साधा व्हिडिओ लावता येत नाही. दोनदा बिघडलं की कंटाळतील आणि गाडी आपोआप रुळावर येईल. आणि ते इकडे आले की खलबत्ता त्यांच्याबरोबर पाठव. त्या निमित्ताने तरी आमच्या दारात उभे राहतील. चहा मी करीन, पुढचं चहा बघून घेईल.

जपून राहा, गुडघ्याला तेल लाव. मोठी आहेस म्हणून सांगत नाही कुणी, मी सांगते.

तुझी,
सुमेधा


वॉटफर्ड
१० मे १९९२

प्रिय सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

तुझा सल्ला मानला, तो यांत्रिक हातवाला घेतला, एका माणसाच्या मापाच्या मोटरसकट. बँक हॉलिडेला हे एकटेच गेले. खलबत्ता जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला आणि बजावलं की आधी केंडलला सुमेधाच्या हातात द्या, मग तळ्यावर जा. परत आल्यावर विचारलं तर म्हणाले, नीट ठेवलाय. तुझ्या चहाबद्दल विचारलं तर विषय बदलला. राजीवराव घरी नव्हते का? की होते आणि काही झालं? तू काहीच कळवलं नाहीस.

यंत्राचं तर हसावं की रडावं कळेना. यांनी तळ्याच्या मधोमध दिशा ठरवून दिली, बटण दाबलं, दोन्ही काठ्या लावल्या आणि पुढे तोंड करून बसले. थोडं सरळ गेलं. मग बघतात तर काठ भलत्याच बाजूला. पुन्हा दिशा ठरवली, पुन्हा तेच. यंत्र कुरकुर न करता दिवा लावून बसलेलं आणि होडी आपली वारा नेईल तिकडे. शेवटी गाड्या नेणाऱ्या फेरीच्या वाटेत शिरली. फेरीने भोंगा वाजवला, यांनी दांडा ओढून होडी कशीबशी बाजूला घेतली, त्यात दोन्ही दोऱ्यांचा गुंता झाला. सुमे, हे मला त्यांनी जेवताना सांगितलं, वरण वाढ म्हणावं तसं. पोहता येत नाही गं यांना.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, यंत्राजवळ लोखंड किंवा रेडिओ होता का? होकायंत्र त्याने फसतं. हे चिडले. रेडिओ घरी होता, आणि लोखंड कुठून येणार, म्हणाले. यंत्रच वाईट आहे, सध्या होडीवरच आहे, पण परत करून टाक. म्हणजे तू म्हणालीस तसंच झालं, मग मला बरं का वाटत नाहीये? परत केलं तर हे यंत्राशिवाय एकटे जातील, ही नवी भीती. ठेवलं तर फेरीची. मला ऑगस्ट हवाय, पण त्यासाठी हे बुडायला नकोत.

उलट टपाली लिही. तुझ्या अक्षराची वाट बघणं एवढंच सध्या मला जमतंय.

तुझी,
शैलाताई


केंडल
१८ मे १९९२

ती. ताईस,
सादर नमस्कार.

भाऊजी आमच्याकडे आलेच नाहीत. खलबत्ताही आला नाही. चहाची पातेली मी सोमवारी दिवसभर चढवत उतरवत होते.

तुझं पत्र मी राजीवला वाचून दाखवलं. नको म्हणाली होतीस, पण फेरीचं वाचल्यावर माझ्याने गप्प बसवेना. त्याने एवढंच विचारलं, टॉवेल कुठल्या रंगाचा? आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. तासाभराने परत आला तो आईचा खलबत्ता कडेवर घेऊन. होडीच्या मागच्या बाकाखाली होता, यंत्राला अगदी चिकटून. भाऊजींना आमच्या दारात यायचं नव्हतं आणि तो परत वॉटफर्डला नेला तर तू विचारशील, म्हणून ठेवला असणार तिथे. रुसवा भाऊजींचा आणि दिशा चुकली होडीची.

आता माझा गुन्हा सांगते. मी राजीवला म्हटलं, जा, होता तिथे परत ठेव आणि कुणाला बोलू नकोस. यंत्र चालणार नाही, भाऊजी तुला बोलावतील, ताई येईल. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, यंत्र नको असं तुला कोण म्हणालं? मला ते त्यांच्यापेक्षा जास्त हवंय. खिशातला तो मार्चमधला कागद काढून दाखवला. त्यात होडी काढलेली, मागे यंत्र, आणि दोन्ही बाजूंना एकेक काठी, आणि दोन्ही काठ्यांपाशी एकेक माणूस.

ताई, इतक्या वर्षांत त्याने एकदाही गळ धरलेला नाही. तुझ्या लक्षात आलं होतं? माझ्या नाही आलं. काठावरून दोघेही सारखेच दिसतात.

तो भाऊजींना लिहिणार म्हणतोय. काय लिहील देव जाणे. यंत्र परत करू नकोस, एवढंच. खलबत्ता माझ्याकडे आहे, पण असा आलेला मी धरत नाही. तो तुझ्या हातूनच यायला हवा.

तुझी,
सुमेधा


केंडल
३१ मे १९९२

श्री. श्रीनिवासराव यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं यंत्र उत्तम आहे. बाकाखाली आपल्या सासूबाईंचा खलबत्ता होता, त्याने त्याला फसवलं. कुशीत एवढं लोखंड असलं की होडी कुठेही वळो, होकायंत्राला वाटतं आपण सरळच चाललोय. खलबत्ता घरी आणलाय.

न विचारता यंत्र चालवून बघितलं, त्याबद्दल क्षमा असावी. होडी निम्मी माझी आहे, यंत्र पूर्ण तुमचं. गेल्या रविवारी एकटाच गेलो. दिशा दिली, बटण दाबलं आणि जन्मात पहिल्यांदा त्या होडीत पाठीमागे न बसता मधे बसलो. यंत्राने होडी इतकी सरळ नेली की मला थोडं वाईटच वाटलं. मी कधीच इतकी सरळ नेली नव्हती.

आपण थोरले साडू, म्हणून गळ आपल्याकडे आणि दांडा माझ्याकडे. हे कुणी ठरवलं ते आठवत नाही. आपण बसलात, मी मागे गेलो, तेच चालू राहिलं. मी कधी गळ मागितला नाही आणि मागितला नाही याचाच राग धरून बसलो. आपल्या ओरडण्याचं फक्त निमित्त झालं.

उजवी घंटी वाजली. दोरी ओढता ओढता हात भरून आले, आणि एकदाचा तो लालसर पोटाचा मासा पाण्याखाली दिसला. जाळी डाव्या बाजूला राहिली होती. जाळीकडे वाकलो तेवढ्यात दोरी सैल पडली आणि मासा गेला. श्रीनिवासराव, मी रागाने ओरडायला म्हणून मागे वळलो, तर मागे यंत्र. दिवा लावून बसलेलं. त्या क्षणी गेल्या ऑगस्टचं आपलं ओरडणं मला अगदी समजलं. मासा गेला की कुणावर तरी ओरडायला लागतं, आणि ते माणूस घरचंच असावं लागतं.

तेव्हा विनंती अशी की ऑगस्टमध्ये यावं. यंत्र मागे बसेल. आपण उजवीकडे, मी डावीकडे. जाळी ज्याचा हात मोकळा त्याची.

राग शिल्लक असेल तर तोही घेऊन यावा, तळ्यात जागा पुष्कळ आहे.

आपला,
राजीव


वॉटफर्ड
९ जून १९९२

प्रिय सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

राजीवरावांचं पत्र येऊन आठवडा होत आला. यांनी ते वाचलं, घडी घातली आणि पेपरखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलेलं दिसलं, कारण घडी उलटी होती. मी काल ते वाचलं. वाचून भांडी घासत उभी राहिले आणि घासलेलीच परत घासली.

माझ्या लक्षात आलं होतं का म्हणून विचारलंस. नव्हतं. कॉटेजमध्ये पहिलं ताट यांना वाढायचे, दुसरं राजीवरावांना, आणि त्यात काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. ज्या यंत्राला मी इतके दिवस शिव्या घातल्या तेच आपल्या बाजूचं निघालं, आणि त्याला पाडायला निघाला आईचा खलबत्ता. कोण आपलं आणि कोण परकं, मला या वयात काही समजेना.

पण हे काय ठरवतायत ते कळत नाही. काल अचानक विचारलं, तिरफळं संपली का? आहेत म्हटलं. बरं, म्हणाले. याचा अर्थ हो घ्यावा की तिरफळं संपली नाहीत एवढाच घ्यावा? कॉटेजवाल्या बाईंना या शनिवारपर्यंत कळवायचंय आणि मला विचारायचं धैर्य होत नाही. नाही म्हणाले तर? विचारलं नाही तोवर निदान ऑगस्ट आहे.

तू राजीवरावांना माझ्याकडून सांग की त्यांचं ताट मी आधी वाढीन. आणि तुझ्या मनात माझी जागा आहे ती तशीच राखून ठेव, मी येईन की नाही ते ठरेपर्यंत.

तुझी,
शैलाताई

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितेय. आत्ता चहाच्या वेळी हे म्हणाले, त्या दुकानदाराला उद्या फोन कर आणि याच्या पुढच्या मापाची मोटर बदलून मिळते का विचार, ही कमी पडेल. मी म्हटलं, कमी का पडेल? तुम्हीच दिलंत ना माप मोजूनमापून. तर पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, त्याने विचारलं तर या वेळी माणसं दोन सांग.